तुंबडी लावली, बीपी उतरलं. पण कशामुळे?

तुंबडी म्हणजे रक्त ओढून घ्यायला कातडीवर लावलेला पेला. पाठीवरचा असा पेला उचलला की आत काळपट लाल, थुलथुलीत गोळा दिसतो. पेला तिरका केला तरी तो ओघळत नाही, जागच्या जागी थरथरतो. उपचार करणारा तो समोर धरून म्हणतो, "बघा, एवढी घाण आत साठली होती." पालथ्या पडलेल्या माणसाने मान वळवून पाहिलं की त्याला ते पटतं. सुई टोचल्यावर बोटातून येणारं लालभडक रक्त त्याने पाहिलेलं असतं, आणि हे तसं अजिबात दिसत नाही. मग पाठ पुसून, पट्ट्या लावून त्याला बसवतात आणि दंडाला बीपीचा पट्टा गुंडाळतात. येताना १६२ असलेला वरचा आकडा आता १४४ असतो.

एका बैठकीत दोन पुरावे हाती आले. एक पेल्यातला, एक यंत्रावरचा. पेल्यातल्या पुराव्याचा निकाल लगेच लावता येतो. यंत्रावरच्या आकड्याचं प्रकरण मात्र चिवट आहे, आणि हा लेख मुख्यतः त्याच्याबद्दल आहे.

पेल्यातला गोळा

रक्त रक्तवाहिनीच्या बाहेर आलं की साकळतं. रक्तात विरघळलेल्या फायब्रिनोजेन नावाच्या प्रथिनाचे फायब्रिनचे चिवट धागे होतात, धाग्यांचं जाळं विणलं जातं, त्यात रक्तपेशी अडकतात आणि गोळा तयार होतो. ही सोय नसती तर साधी जखमही जिवावर बेतू शकली असती. रक्ततपासणीसाठी लाल टोपणाच्या नळीत घेतलेलं रक्त अर्धा तास उभं ठेवलं तरी तळाशी असाच गोळा जमतो आणि वर पिवळसर पाणी सुटतं. अगदी ठणठणीत माणसाचंसुद्धा. तुंबडीत रक्त काही मिनिटं बसून राहतं, तेवढ्यात ते साकळतं. रंग गडद दिसतो, कारण ओढीमुळे त्वचेखाली तुंबून राहिलेल्या या रक्तातला प्राणवायू बराचसा खर्च झालेला असतो. शिरेतून काढलेलं रक्तही असंच गडद असतं.

म्हणजे गोळा खरा, घाण खोटी. शरीरातला टाकाऊ माल गाळण्याचं काम मूत्रपिंडं करतात आणि त्यासाठी ती दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळून त्यातला बहुतेक सगळा परत रक्तात घेतात. त्यापुढे पाठीवरून काढलेल्या चार-सहा चमचे रक्ताची मातब्बरी ती काय? शिवाय त्या चमच्यांत टाकाऊ पदार्थ जितके, तितकेच कामाचेही. मिठाच्या पाण्यातून दोन चमचे काढून टाकले म्हणून उरलेलं पाणी कमी खारट होत नाही.

नाव एक, प्रकार दोन

पद्धत मुळात सोपी आहे. कातडीवर पेला ठेवून आतली हवा कमी करायची. पूर्वी शिंगाच्या टोकाने तोंडाने ओढत किंवा आत जाळ धरत, आता छोटा हातपंप असतो. पेल्याखालची कातडी वर ओढली जाते आणि रक्त तिथे जमा होतं. एवढ्यावर थांबलं तर ती कोरडी तुंबडी. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये मायकेल फेल्प्सच्या खांद्यांवर जे जांभळे गोल जगाने पाहिले, ते या प्रकारातले. ओल्या तुंबडीत काही मिनिटांनी पेला काढून त्या जागी ब्लेडने किंवा लॅन्सेटने वरवरच्या बारीक चिरा देतात आणि पेला पुन्हा लावतात. ओढीने रक्त पेल्यात उतरतं. अरबी परंपरेत हिला हिजामा म्हणतात आणि बीपीसाठी बहुतेकदा मानेच्या मुळाशी आणि दोन्ही खांद्यांच्या मधल्या भागात लावतात.

तुंबडी हा शब्दच भोपळ्याच्या घराण्यातला आहे. सुश्रुतसंहितेत रक्त काढण्याच्या साधनांत शृंग, जळू आणि अलाबू अशी तीन नावं येतात. शृंग म्हणजे शिंग आणि अलाबू म्हणजे वाळवून पोखरलेला भोपळा. ग्रीक वैद्यही पेले लावत. मध्ययुगातला प्रसिद्ध वैद्य इब्न सीना यानेही त्याबद्दल लिहून ठेवलं आहे. पद्धत जुनी आहे यात वाद नाही.

वाद आहे तो पुढच्या वाक्याला: "हजारो वर्षांपासून बीपीवर हाच उपाय आहे." रक्तदाब दंडाला पट्टा बांधून मोजण्याची सोय इटलीच्या रिव्हा-रोच्चीने १८९६ मध्ये केली, आणि स्टेथोस्कोपने आवाज ऐकून वरचा-खालचा असे दोन्ही आकडे काढायची रीत रशियाच्या कोरोत्कॉफने १९०५ मध्ये सांगितली. त्याआधी बीपी हा आकडाच कुणाकडे नव्हता. जुने वैद्य नाडी पाहत, ताठर नाडी त्यांना कळतही असे. पण वाढलेलं बीपी बहुतेक माणसांना जाणवतच नाही. ना दुखत, ना खुपत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये दिलेल्या अंदाजानुसार ३० ते ७९ वयाचे सुमारे १२८ कोटी लोक उच्च रक्तदाबाचे आहेत आणि त्यातल्या जवळजवळ निम्म्यांना त्याचा पत्ताच नाही. जो आजार जाणवत नाही आणि मोजताही येत नव्हता, त्यावर उपाय लागू पडला की नाही हे त्या काळी कळणार कसं? डोकं दुखणं, जड वाटणं यावर तुंबडी लावली गेली असेल, माणसाला हलकंही वाटलं असेल. हलकं वाटणं आणि रक्तदाब उतरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

रक्त कमी केलं तर दाब कमी व्हायला हवा ना?

हा प्रश्न कुणालाही सुचतो आणि तो चुकीचा नाही. नळ्या त्याच, पंप तोच आणि आतला द्रव कमी, तर दाब घटणारच. प्रश्न असा, की किती कमी, आणि किती वेळ.

मोठ्या माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त असतं. रक्तदानात ३५० ते ४५० मिलिलिटर जातं. ओल्या तुंबडीत किती जाईल हे पेले किती, चिरा किती आणि हात कसा यावर ठरतं, पण सहसा ते रक्तदानाच्या मानाने फारच थोडं असतं. ५० मिलिलिटर धरलं तर एकूण रक्ताचा शंभरावा हिस्सा. रक्तदानानंतरसुद्धा रक्तातला पाण्याचा भाग एक-दोन दिवसांत भरून निघतो, मग इथे तर विचारायलाच नको.

हे भरून काढण्याचं काम मुख्यतः मूत्रपिंडं करतात, आणि इथेच खरी मेख आहे. छपरावरच्या टाकीत बॉलकॉक असतो. टाकीतून बादलीभर पाणी काढा, बॉलकॉक खाली येतो, नळ सुरू होतो आणि पाणी पुन्हा ठरल्या रेघेवर जाऊन थांबतं. दीर्घकाळच्या रक्तदाबाची रेघ मूत्रपिंडं ठरवतात: किती मीठ आणि किती पाणी अंगात ठेवायचं, किती सोडायचं. रक्त कमी झालं की तीच मूत्रपिंडं रेनिन नावाचा पदार्थ सोडतात, त्यामुळे अँजिओटेन्सिन नावाचं संप्रेरक तयार होतं, रक्तवाहिन्या आवळतात आणि मीठ-पाणी राखून ठेवलं जातं. उच्च रक्तदाबात बिघडलेली असते ती बॉलकॉकची रेघ. बीपीच्या बहुतेक गोळ्या कुठे ना कुठे या यंत्रणेत किंवा रक्तवाहिन्यांच्या आवळण्यात हात घालतात. पाणी उपसत बसणं आणि बॉलकॉक खाली करणं यात हा फरक आहे.

आता या उदाहरणाला तडा देणारी एक गोष्टही सांगायला हवी. २०१२ साली बर्लिनच्या डॉक्टरांनी चयापचयाचा बिघाड, म्हणजे मेटाबॉलिक सिंड्रोम असलेल्या ६४ जणांवर एक चाचणी केली. अर्ध्यांच्या शिरेतून थेट ३०० मिलिलिटर आणि चार आठवड्यांनी पुन्हा २५० ते ५०० मिलिलिटर रक्त काढलं. सहा आठवड्यांनी त्यांचा वरचा आकडा सरासरी १४८ वरून १३० वर आला होता. रक्त न काढलेल्यांचा जवळपास होता तिथेच. नुसतं पाणी कमी झाल्याचा परिणाम एवढा टिकत नाही. शरीरातलं जास्तीचं लोह घटल्यामुळे रक्तवाहिन्या सैल होत असाव्यात, अशी एक अटकळ त्यामागे आहे. पण तिथे काढलेलं रक्त तुंबडीच्या कितीतरी पट होतं, आणि आपलं रक्त काढलं की नाही हे प्रत्येक रुग्णाला माहीत होतं. या दुसऱ्या मुद्द्याला काय किंमत आहे ते पुढे येईलच.

तुंबडीचे आणखी काही परिणाम मानले जातात. ओढ आणि चिरा यांमुळे त्या जागी नायट्रिक ऑक्साइडसारखे रक्तवाहिन्या सैल करणारे पदार्थ सुटत असतील, मज्जासंस्थेची शांतावणारी बाजू जागी होत असेल. असेलही. त्वचेच्या एका तुकड्यातला बदल साऱ्या शरीराचा दाब काही आठवडे खाली ठेवतो, हे मात्र अजून अंदाजाच्याच पातळीवर आहे. त्या दिवसापुरतं बीपी उतरायला त्याहून साधी कारणं पुरतात. माणूस अर्धा तास पालथा निवांत पडलेला असतो, कुणीतरी आपुलकीने पाठीवरून हात फिरवत असतं, फोन बाजूला असतो. आणि रक्त पाहून काहींना घेरी येते. घेरी येणं म्हणजे बीपी एकदम खाली जाणंच, पण त्याला कुणी उपचार म्हणत नाही.

चाचण्यांमध्ये काय दिसलं

बीपी आणि ओली तुंबडी यांवरची एक बऱ्यापैकी नीट केलेली चाचणी सौदी अरेबियातली आहे, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेली. उच्च रक्तदाबाचे ८० रुग्ण, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत वाटलेले. दोन्ही गटांचे नेहमीचे उपचार सुरूच. एका गटाला शिवाय ओली तुंबडी, तीन बैठका, एक दिवसाआड. चार आठवड्यांनी तुंबडीच्या गटाचा वरचा आकडा दुसऱ्या गटापेक्षा सरासरी ८.४ ने कमी होता. आठ आठवड्यांनी दोन्ही गटांत दखल घेण्याजोगा फरक उरला नव्हता. गंभीर दुष्परिणाम कुणाला झाला नाही.

तुंबडीची बाजू घेणारे पहिला आकडा सांगतात, विरोधक दुसरा. दोन्ही एकाच निबंधातले. शिवाय तो ८.४ हा आकडा संख्याशास्त्राच्या कसोटीवर काठावर पास झालेला आहे. असा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता ५ टक्क्यांच्या आत असावी, असा शिरस्ता आहे. इथे ती ४.६ टक्के निघाली. दोन-चार रुग्ण इकडचे तिकडे झाले असते तर निकाल बदलला असता.

अशा चाचण्या एकत्र करून तपासणारे आढावेही झाले. २०१० च्या आढाव्याला तुंबडीने बीपी उतरतं हे पटवणारा पुरावा सापडला नाही. २०१९ च्या आढाव्यापर्यंत चाचण्यांची संख्या वाढली होती, पण दर्जा इतका कमी होता की ठाम निष्कर्ष काढता येत नाही आणि रुग्णांना शिफारसही करता येत नाही, असंच तिथेही म्हटलं गेलं. "उपयोग नाही हे सिद्ध झालं" आणि "उपयोग आहे हे सिद्ध झालं नाही" यांत अंतर आहे. आपण दुसऱ्या वाक्यापाशी उभे आहोत.

चढलेला आकडा उतरतोच

मला या सगळ्या विषयात सर्वांत महत्त्वाची वाटते ती एक जुनी गोष्ट, आणि तिचा तुंबडीशी थेट संबंधही नाही.

मूत्रपिंडाकडे जाणाऱ्या धमनीभोवतीच्या नसा उष्णतेने निकामी केल्या तर हट्टी बीपी उतरेल, अशी एक कल्पना होती. मांडीतून धमनीत नळी घालून हे करता येतं. २०१० मध्ये १०६ रुग्णांच्या चाचणीचे निकाल आले आणि डॉक्टरमंडळी हरखून गेली: ज्यांच्यावर हा उपचार झाला त्यांचा वरचा आकडा सहा महिन्यांत सरासरी ३२ ने उतरला होता. दुसऱ्या गटावर काहीच केलं नव्हतं, त्यांचा जागचा हलला नव्हता. ३२ म्हणजे चमत्कारच.

मग २०१४ मध्ये ५३५ रुग्णांची मोठी चाचणी आली. या वेळी दुसऱ्या गटालाही टेबलावर घेतलं. गुंगीचं औषध दिलं, डोळ्यांवर पट्टी बांधली, नळी घालून धमनीचं चित्र काढलं, फक्त नसांना हात लावला नाही. आपल्यावर खरा उपचार झाला की लुटुपुटीचा, हे रुग्णांना कळू दिलं नाही. सहा महिन्यांनी खऱ्या गटाचा आकडा १४ ने उतरला. आणि लुटुपुटीच्या गटाचा? जवळजवळ १२ ने. दोघांतला फरक जेमतेम अडीच, तोही योगायोगाने सहज येईल इतका.

काहीही न करता १२ उतरले. कसे? चाचणीत माणूस येतो तेव्हा त्याचं बीपी चढलेलं असतं, म्हणून तर तो येतो. आणि बीपी हा मुळात स्थिर आकडा नाही. जिना चढलात, भांडलात, लघवी दाबून ठेवलीत, समोर पांढरा कोट दिसला, की तो वर जातो. एका दिवसात वीस-तीसचा फरक सहज पडतो. चढाच्या टोकाला पकडलेला आकडा पुढच्या वेळी आपोआप सरासरीकडे सरकतो. त्यात, आपल्यावर लक्ष ठेवलं जातंय हे कळल्यावर माणूस गोळ्या वेळेवर घेतो, मीठ जरा हात राखून घेतो. दवाखान्याची सवय झाली की तिथली धास्तीही ओसरते. आणि मोठा उपचार झाल्याचा दिलासा असतोच.

नसांच्या त्या उपचाराची गोष्ट पुढे सुधारली. नंतर जास्त काटेकोरपणे, लुटुपुटीचा गट ठेवूनच केलेल्या चाचण्यांत थोडा पण खरा फायदा दिसला आणि २०२३ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यताही मिळाली. पण ३२ चा चमत्कार परत आला नाही.

आता सौदी अरेबियातले ८.४ पुन्हा पाहा. तिथे दुसऱ्या गटाला लुटुपुटीची तुंबडी नव्हती. एका गटाला तीनदा बोलावून, झोपवून, चिरा देऊन, रक्त दाखवून पाठवलं; दुसऱ्याला नेहमीच्या गोळ्या. कदाचित ८.४ पैकी काही भाग तुंबडीचा असेल. कदाचित काहीच नसेल. दोन्ही शक्यता त्या आकड्यात मावतात. बर्लिनच्या रक्त काढण्याच्या चाचणीलाही हाच आक्षेप लागू आहे. कोरड्या तुंबडीची लुटुपुटीची आवृत्ती करता येते: पेल्याला बारीक भोक ठेवायचं, म्हणजे ओढ टिकत नाही. ओल्या तुंबडीत पाठीला ब्लेड लागलं की नाही, हे माणसापासून लपवणार कसं? त्यामुळे हा गुंता लवकर सुटेल असं मला वाटत नाही.

रक्त काढणं हा प्रकारच थोतांड आहे, असं मात्र यातून काढू नये. तांबड्या पेशी बेसुमार वाढण्याचा पॉलिसायथेमिया नावाचा आजार आणि शरीरात लोह साठत जाण्याचा हिमोक्रोमॅटोसिस, या दोन्हींत आजही शिरेतून रक्त काढणं हा पहिल्या फळीचा उपचार आहे. तुटलेलं बोट जोडल्यावर तिथे तुंबलेलं रक्त ओढून घ्यायला शल्यविशारद जळवा लावतात. फरक एवढाच, की तिथे काय जास्त झालंय, किती काढायचं आणि कुठे थांबायचं हे तपासणीच्या आकड्यांवर ठरतं. जिथे ते ठरत नव्हतं तिथे काय झालं, हेही नोंदलेलं आहे. अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन १७९९ च्या डिसेंबरात घशाच्या आजाराने अंथरुणाला खिळले, एका दिवसात त्यांचं वारंवार मिळून दोन लिटरहून जास्त रक्त काढलं गेलं, आणि त्याच रात्री ते गेले. मृत्यू घशाने झाला असेल, पण रक्त काढण्याने मदत नक्कीच झाली नाही.

तरीही लावायची असेल तर

काही जण लावणारच. पाठ मोकळी वाटते, आजोबा लावत असत, श्रद्धेचा भाग आहे, कारणं आपापली. त्यांना अडवणं हा माझा हेतू नाही. पण मग काही गोष्टी डोळ्यांत तेल घालून पाहाव्या लागतात.

ब्लेड नवं आहे ना, आणि ते तुमच्यासमोर पाकिटातून निघालं ना? पेला धुऊन वापरलेला आहे की नवा? हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर वाळलेल्या रक्तात किमान सात दिवस तग धरतो आणि नुसत्या पाण्याने धुतलेल्या पेल्यावर तो दिसत नाही. हिपॅटायटिस सी आणि एचआयव्हीचा धोकाही याच वाटेने येतो. हातमोजे नसतील, वापरलेली ब्लेडं साध्या कचऱ्याच्या डब्यात पडलेली दिसली, तर उठून यावं. संकोच करू नये.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, वॉरफेरिन किंवा क्लोपिडोग्रेल, तर चिरा देऊन घेणं धोक्याचं आहे. बीपीच्या रुग्णांत हृदयविकारासाठी अॅस्पिरिन घेणारेही बरेच असतात. आपण कोणती गोळी कशासाठी घेतो हे अनेकांना नीट माहीत नसतं, म्हणून चिठ्ठी डॉक्टरांना दाखवून विचारावं. आणि विचारलं, उत्तर मिळालं नाही, तर तुंबडीसाठी ती गोळी आपल्या मनाने बंद करू नये. हिमोग्लोबिन कमी असेल, रक्त न थांबण्याचा विकार असेल, गर्भारपण असेल, तर नकोच. मधुमेहात चिरा भरायला वेळ लागतो आणि पू होण्याची भीती जास्त. काहींच्या कातडीवर साध्या जखमेचेही जाड उंचवटे राहतात, त्यांच्या पाठीवर चिरांची नक्षी कायमची उमटते. बीपीची गोळी घेऊन, उपाशीपोटी, रक्त देऊन लगेच ताडकन उठलेला माणूस भोवळ येऊन पडू शकतो. दहा मिनिटं बसून मग उठावं.

पण हे सगळे धोके एका बाजूला आणि गोळ्या थांबवण्याचा धोका एका बाजूला. मला भीती वाटते ती याची. तुंबडीनंतर १२८ दिसतं, माणूस खूश होतो, गोळ्यांची पट्टी कपाटाच्या खणात जाते. काही दिवस काहीच होत नाही. बीपी हळूहळू पुन्हा वर सरकतं आणि त्याची कुणकुणही लागत नाही. चार आठवड्यांनी दिसलेला फरक आठ आठवड्यांनी नव्हता, तोही गोळ्या चालू असलेल्या लोकांत. ज्याने गोळ्या थांबवल्यात त्याच्या रक्तवाहिन्यांवर त्या काळात काय चाललं असेल? क्लोनिडिन किंवा बीटा ब्लॉकर गटातल्या गोळ्या एकाएकी बंद केल्या तर बीपी आणि नाडी उसळून वर जाते, मूळ पातळीच्याही वर. आणि आकडा १८०/१२० च्या पुढे असून छातीत दुखतंय, धाप लागतेय, एक बाजू लुळी पडतेय किंवा जीभ जड झालीय, तर ती वेळ तुंबडीची नाही, तडक रुग्णालयात जाण्याची आहे.

एवढी काळजी कशासाठी, तर आकड्यामागचा हिशेब मोठा आहे. साडेतीन लाखांच्या आसपास लोकांच्या चाचण्या एकत्र करून २०२१ मध्ये निघालेला निष्कर्ष असा: वरचा आकडा औषधांनी ५ ने खाली ठेवला तर हृदयविकार, पक्षाघात अशा मोठ्या घटना सुमारे १० टक्क्यांनी घटतात. हे लोक साधारण चार वर्षं औषधं घेत होते. तुंबडीच्या ८.४ ला हे गणित लावून "म्हणजे १५ टक्के धोका कमी" असं कुणी सांगू लागलं तर त्याला आठव्या आठवड्याची आठवण करून द्यावी. आणि बिनऔषधाचाच उपाय हवा असेल तर त्याहून भक्कम पुरावा भाजी-फळांचा आहे. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डॅश आहाराच्या चाचणीत भरपूर फळं-भाज्या, कमी स्निग्धांशाचं दूध आणि कमी चरबी असं जेवण आठ आठवडे दिल्यावर उच्च रक्तदाबाच्या रुग्णांचा वरचा आकडा नेहमीसारखं जेवण घेणाऱ्या गटापेक्षा सरासरी ११.४ ने जास्त उतरला होता. त्यात रक्त नाही, पेला नाही, त्यामुळे दाखवण्यासारखंही काही नाही.

वही

तुंबडीने आपल्याला फरक पडतो का, हे जाणून घ्यायचं असेल तर ते बैठकीनंतर तिथल्या तिथे मोजलेल्या आकड्यावरून कळणार नाही. घरी यंत्र हवं, दंडाच्या मापाचा पट्टा असलेलं. जाड दंडाला लहान पट्टा लावला की आकडा उगाच वर दिसतो. मोजण्याआधी अर्धा तास चहा-कॉफी, तंबाखू नको. लघवीला जाऊन यावं. पाठ टेकून, पावलं जमिनीला टेकवून, पायावर पाय न टाकता पाच मिनिटं गप्प बसावं. हात हृदयाच्या उंचीवर टेबलावर ठेवावा. मग मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजावं, आणि मोजताना बोलू नये. सकाळी आणि संध्याकाळी, असे सात दिवस. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्यावेत, उरलेल्यांची सरासरी काढावी. घरी मोजलेली सरासरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त आली तर बीपी वाढलेलं समजतात. दवाखान्यात हीच रेघ १४०/९० ला धरतात, काही देशांत त्याहूनही खाली.

असा एक आठवडा तुंबडीच्या आधी लिहून ठेवावा. यंत्राला गोल करायची सवय नसते, म्हणून १४७ ला १५० लिहू नये, आणि नकोसा आकडा आला म्हणून तो गाळून पुन्हा मोजू नये. तुंबडीच्या तारखेला फुली मारावी. गोळ्या होत्या तशाच, त्याच वेळेला. मग चौथ्या आठवड्यात पुन्हा सात दिवस, आणि आठव्या आठवड्यात पुन्हा सात दिवस. वही घेऊन डॉक्टरांकडे जावं आणि फुली कशाची आहे तेही सांगावं. बहुतेक जण चौथ्या आठवड्यापर्यंत मोजतात आणि आठवा राहून जातो.